एकसष्टावा फेरा

आमच्या घरात एक प्रश्न गेली कित्येक वर्षं दर रविवारी दुपारी निघतो. बघायला जास्त कंटाळवाणं काय, गाड्यांची रेस की फुटबॉल? दुसऱ्या कोणाच्या घरी हा प्रश्न निघाला तर दोघं-तिघं हमरीतुमरीवर येतील आणि चहा आला की विसरून जातील. आमच्याकडे हा प्रश्न निघाला की कोणीतरी उठून आत जातं. आत जाणारा माझा मामा असतो. आणि प्रश्न काढणारी मी असते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझी कीव करायचा कोणाला मोह व्हायला नको.

मामा म्हणजे स्क्रू मोजणारा माणूस. स्क्रूच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात, त्याने सगळी नोकरी काढली. एक लांबलचक खोली, वर जाळीच्या खिडक्या, मध्ये पत्र्याने मढवलेलं टेबल आणि टेबलावर स्क्रूंचे ढीग. एका खोक्यात एकशे चव्वेचाळीस स्क्रू भरायचे, खोकं बंद करायचं, पुढचं घ्यायचं. बाकीचे लोक ओठ हलवत मोजायचे. मामा तीन मुठी भरायचा आणि खोकं बंद करायचा. एका मुठीत अठ्ठेचाळीस, ना एक कमी ना एक जास्त. खात्यात त्याला सगळे ‘तराजू’ म्हणायचे. एकदा नवीन मुकादमाने त्याची फजिती करायची म्हणून त्याचं एक खोकं टेबलावर ओतलं आणि चार लोकांसमोर मोजलं. एकशे त्रेचाळीस भरले. मुकादमाला आनंद झाला. मामा म्हणाला, “साहेब, जरा पाय उचला.” एकशे चव्वेचाळीसावा स्क्रू साहेबांच्या बुटाखाली होता.

मामाची दुसरी गंमत म्हणजे त्याची झोप. नळाचा थेंब पडला तरी हा उठून बसणार. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्याला चालायची नाही. रोज झोपताना तो घड्याळ उतरवायचा, टॉवेलात गुंडाळायचा, कपाटात ठेवायचा आणि सकाळी परत खिळ्याला टांगायचा. मी लहानपणी म्हणायची, मामा घड्याळाला अंगाई म्हणून झोपवतो. सगळे हसायचे. मामाही हसायचा. तेव्हा तो हसत असे.

रविवारी मात्र हा स्क्रू मोजणारा माणूस साहेब व्हायचा. वस्तीच्या बाहेर एक गोल ट्रॅक होता, तिथे एक क्लब गाड्यांची रेस भरवायचा. टीव्हीवर दाखवतात तसला चकचकीत प्रकार नव्हे. रोजच्या वापरातून बाद झालेल्या गाड्या, आतल्या सीट उपटून टाकलेल्या, काचा काढलेल्या, दारांना पत्रे ठोकलेले. त्या गाड्या डांबराच्या एका कड्यावर साठ फेरे मारायच्या, एकमेकींना घासायच्या, धूर सोडायच्या आणि जिथून निघाल्या तिथेच परत यायच्या. माझे बाबा त्यातली एक गाडी चालवायचे. आठवडाभर दुधाची व्हॅन, रविवारी रेस. गाडीचं पोट उघडून बसायचं काम बाबांच्या दोस्ताचं. त्यांना मी मेकॅनिककाका म्हणते.

आणि फेरे मोजायचं काम मामाचं. ट्रॅकच्या कडेला चार खांबांवर एक लाकडी खोपटं होतं. पुढच्या खिडकीतून ट्रॅक दिसायचा. मागच्या भिंतीला वरच्या अंगाला एक छोटी खिडकी होती, तिच्यातून पलीकडचं फुटबॉलचं मैदान दिसायचं, पण त्यासाठी उंची हवी. सगळ्यात पुढच्या गाडीने पांढरी रेघ ओलांडली की मामा वहीत पेन्सिलीने एक काडी मारायचा. चार उभ्या, पाचवी आडवी. मग दोरी ओढून बाहेरच्या पाटीवरचा आकडा एकाने पुढे सरकवायचा. एकोणसाठ भरले की घंटा द्यायचा. घंटा झाली म्हणजे शेवटचा फेरा. चालवणारे कोणी स्वतः मोजत नसत. पाटीवर तराजूचा आकडा आहे म्हटल्यावर मोजायचं कशाला?

त्याचा नियम एकच होता. ट्रॅककडे पाठ करायची नाही. एक फेरा पंचवीस सेकंदांचा, तेवढ्यात माणूस शिंकतो, नाक पुसतो आणि फेरा संपतो. म्हणून पाण्याचा तांब्या पुढ्यात, टोक केलेल्या चार पेन्सिली पुढ्यात, वही पुढ्यात. मी त्याच्या शेजारी एका उपड्या खोक्यावर. आईला तो आवाज सोसायचा नाही, ती घरी थांबायची आणि मला या दोघांबरोबर पाठवून द्यायची.

मी सहा वर्षांची होते तेव्हा एका रविवारी मामाची एक काडी मारायची राहिली.

मेकॅनिककाकांची सवय होती, दर फेऱ्याला एक नट एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायचा. मामावर अविश्वास म्हणून नव्हे, हाताला चाळा म्हणून. शिवाय त्या दिवशी बाबांच्या गाडीचा पुढचा टायर झिजलेला होता. साठ फेरे निघतील, वर एक नाही, असं दोघांनी आदल्या दिवशी बसून ठरवलेलं. सगळेच असं करायचे. चांगला टायर पुढच्या रेसला राखून ठेवायचा आणि झिजलेल्यातून शेवटच्या फेऱ्यापर्यंतचा जीव काढायचा. काकांनी साठावा नट टाकला आणि वर बघितलं तर पाटीवर एकोणसाठ आणि घंटा वाजतेय. डबा घेऊन ते ट्रॅकच्या कडेने हात हलवत धावत सुटले. त्या गडगडाटात कोण ऐकतंय? एकसष्टाव्या फेऱ्यात, जो मुळात नव्हताच त्या फेऱ्यात, बाबांचा टायर फुटला आणि गाडी भिंतीवर गेली.

मला त्या दिवसातलं एवढंच आठवतं की कोणीतरी मला सायकलवर पुढे बसवून घरी आणलं आणि हातात बिस्किटांचा अख्खा पुडा दिला. अख्खा पुडा मिळाला म्हणून मी खूश होते.

क्लबच्या लोकांनी मामाला समोर बसवून विचारलं, काय झालं. मामा म्हणाला, “कंटाळा आला होता. झोप लागली.” त्यांनी परत विचारलं. मामा परत तेच म्हणाला. त्यांनी त्याच्याकडून वही आणि घंटा काढून घेतली. कारखान्यात कोणी त्याला तराजू म्हणेनासं झालं. खात्यातल्या लोकांना दुसरं नावही सुचलं नाही, मग ते त्याला कोणत्याच नावाने हाक मारेनासे झाले.

आई मामाची धाकटी बहीण. आमचं दुसरं कोणी नव्हतं. बाबांना जाऊन महिना झाला आणि मामा येऊन आमच्या ट्रंका, गाद्या आणि शिवणाचं मशीन हातगाडीवर घालून आपल्या घरी घेऊन गेला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आई त्या घरात राहिली, त्याने आणलेलं धान्य तिने शिजवलं, त्याचे शर्ट धुतले, तो तापाने फणफणला तेव्हा त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. पण त्याच्याशी ती बोलली नाही. बावीस वर्षं, ती जाईपर्यंत, एक शब्द नाही.

जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत. “तुझ्या मामाला सांग, चहा झालाय.” मामा दीड हातावर बसलेला. मी सांगायची, “मामा, चहा झालाय.” मामा म्हणायचा, “सांग, आलो.” मी सांगायची, “आई, तो आला.” मी शाळेत गेलेली असले की आई पातेल्याला सांगायची, की भात गार होतोय. आता हे ऐकून हसू येतं, मलाही येतं. पण रोज संध्याकाळी दोन मोठ्या माणसांच्या मध्ये बसून त्यांचे शब्द इकडून तिकडे पोचवायचे म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच कळेल. मला त्या दोघांचाही राग यायचा. आईवरचा राग जिरला. मामावरचा जिरला नाही.

एकदाच, मी कॉलेजात असताना, आईने चहा-भाताच्या पलीकडचं काही विचारलं. पोळपाट पुसता पुसता म्हणाली, “तुझ्या मामाला विचार, एवढ्या गडगडाटात माणसाला झोप लागते कशी?” मी विचारलं. मामा दाढी करत होता. त्याचा हात थांबला. आरशातच बघत तो म्हणाला, “सांग, कंटाळा आला होता. झोप लागली.” आईने पोळपाट भिंतीला उभा करून ठेवला. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही.

मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. ‘चुकलो’ असं त्याने एकदा म्हणावं. ‘ठकू, माझं चुकलं, तुझे बाबा माझ्यामुळे गेले.’ बस. ठकू हे मामानेच मला ठेवलेलं नाव. त्याने मला शिकवलं, फी भरली, माझ्या तापात तो जागा राहिला, माझं लग्न मोडलं तेव्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर माझ्या शेजारी डबा घेऊन बसला. सगळं केलं. एक शब्द तेवढा दिला नाही. झोप लागली, झालं. मांजराने दूध सांडलं, पावसाने कपडे भिजले, तशी झोप लागली. मी तो शब्द वसूल करायचाच असं ठरवलं होतं, आणि त्यासाठी माझ्याकडे तो रविवारचा प्रश्न होता.

मेकॅनिककाका दर रविवारी जेवण करून यायचे. त्यांनी मामाशी बोलणं तोडलं नाही. टायरचं त्यांच्याही मनात होतं, म्हणून असेल. टीव्हीवर एका चॅनेलवर रेस, दुसऱ्यावर फुटबॉल. काका म्हणायचे, “फुटबॉलसारखा दळभद्री खेळ नाही. बावीस धडधाकट माणसं दीड तास धावतात आणि शेवटी काय, तर शून्य-शून्य. अरे, मग घरीच बसायचं होतं!”

मी म्हणायची, “आणि रेस? तीच गाडी, तेच वळण, तीच भिंत. परत तीच गाडी. घाण्याच्या बैलालासुद्धा डोळ्यांवर पट्टी बांधतात, तुमच्या प्रेक्षकांनी काय पाप केलंय?” मग मी मान वळवायची. “मामाला विचारू. मामा, कंटाळवाणं काय?”

मामा म्हणायचा, “रेस.”

“हा रेसला कंटाळवाणी म्हणतो!” काका मांडीवर थाप मारायचे. “शनिवारी चार-चार पेन्सिलींना टोकं करून ठेवायचा हा. ट्रॅकवर सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचा. कोणाला शेंड्या लावतोस?”

“रेसच,” मामा म्हणायचा. “झोप येते.”

मग मी माझं ठेवणीतलं काढायची. “फुटबॉल कंटाळवाणा नसतो, काका. मी लहानपणी एक गोल बघितलाय. तुमच्या त्या ट्रॅकच्या मागच्या मैदानावर. मामानेच उचलून दाखवला होता खिडकीतून. गोलकीपर असा आडवा झाला, बॉल त्याच्या हाताला लागून आत गेला, आणि सगळी पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. मामाच्या तोंडात पेन्सिल होती आणि ती माझ्या कानाला टोचत होती. आयुष्यात बघितलेला तो एकच गोल, पण तुमच्या साठ फेऱ्यांपेक्षा भारी.”

हे मी बोलले की मामा उठायचा. पाणी प्यायला, लघवीला, गॅस बंद आहे का बघायला, काही ना काही काढून आत जायचा. मला वाटायचं, रेसचा अपमान त्याला झोंबतो. मग मला बरं वाटायचं. काही वर्षांनी तर मी फक्त त्याला उठवण्यासाठी तो गोल सांगायला लागले. एकोणचाळीस वर्षांच्या बाईला शोभत नाही, पण मी तशी आहे.

दोन वर्षांपूर्वी मामाची आठवण जायला लागली. आधी दुकानातून येताना वाट, मग बटणं, मग आंघोळ झाली की नाही ते. मी शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काज-बटण विभागात आहे. मी अर्धी पाळी मागून घेतली. सकाळी शेजारच्या काकू त्याच्याजवळ बसतात, दुपारी मी येते. तो पलंगावर बसलेला असतो, चादरीची कड चिमटीत धरून बोटाने काड्या मारत. चार उभ्या, पाचवी आडवी. काय मोजतो ते त्यालाच माहीत. घड्याळ आता रात्रंदिवस भिंतीवर असतं. टिकटिकीचा त्याला त्रास होत नाही.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडे महिने शब्द राहतील, मग तेही जातील. मला घाईच झाली. एक शब्द हवा होता आणि दुकान बंद व्हायची वेळ आली होती. रोज त्याला भरवताना मी विचारायची, “मामा, बाबांचं काय झालं होतं?” पहिल्यांदा तो बाबांचं नाव विसरला, मग कारखान्याचं, मग स्वतःचं वय. मला तो कधी ताई म्हणायचा, कधी सिस्टर. पण बाबांचं विचारलं की न अडखळता उत्तर यायचं. “कंटाळा आला होता. झोप लागली.”

मी डॉक्टरांना विचारलं, सगळं गेलं आणि हेच एक वाक्य कसं राहिलं? ते म्हणाले, जे घोकून घोकून पाठ केलेलं असतं ते सगळ्यात शेवटी जातं. मी मान हलवली आणि औषधांची चिठ्ठी घेऊन घरी आले. त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. काका आले, खुर्चीत बसले, “लाव तुझा तो दळभद्री खेळ,” म्हणाले, आणि पंधरा मिनिटांत तोंड उघडं टाकून घोरायला लागले. टीव्हीवर शून्य-शून्य चाललेलं. मी पलंगाच्या कडेला बसून मामाला मऊ भात भरवत होते. त्या दिवशी त्याने चमचा माझ्या हातातून काढून घेतला होता आणि स्वतःच खात होता, अर्धा तोंडात, अर्धा चादरीवर. मी खाली सांडलेली शितं टिपत होते. मॅच संपायला चार-पाच मिनिटं राहिली असतील. काकांचं खरंच आहे, फार कंटाळवाणा खेळ आहे, असं माझ्या मनात आलं, आणि तेवढ्यात कोणीतरी लांबून बॉल मारला आणि तो सरळ जाळीत गेला. मी ओरडले, “गोल!”

मामा ताठ बसला. हातातला चमचा त्याने आडवा दातांत धरला. मग दोन्ही हात पुढे करून माझ्या काखेत घातले आणि मला उचलायला लागला. हातात जोर नव्हता. मी चांगली जाडजूड बाई. पण तो उचलत होता.

“ये ठकू, ये. बघ पटकन. मला पुढे बघायचंय.”

दातांत चमचा असल्यामुळे शब्द चिरडून बाहेर आले. पेन्सिल दातांत धरून आले होते ना, अगदी तसेच. किती महिन्यांनी त्याने मला ठकू म्हटलं होतं.

“बघितलास ना गोल?” तो म्हणाला. “गेला ना कंटाळा? आता गप बसायचं हं, खोक्यावर. परत कंटाळा आला म्हणायचं नाही.” मग त्याने हात काढून घेतले, समोरच्या भिंतीकडे तोंड केलं, चमचा दातांतून काढला आणि चादरीवर टेकवला. काडी मारणार तोच हात थांबला. त्याच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी कधी बघितली नव्हती. “मघाशी गाडी गेली का गं, ठकू? तुला उचललं तेव्हा? पहिली गाडी?”



“नसेल गेली,” तो स्वतःशीच म्हणाला. “एवढ्यात कशी जाईल. नाही गेली.” आणि चमच्याच्या दांडीने चादरीवर काड्या मारायला लागला.

तो माझा रविवार, माझा गोल. मला वाटायचं तो दुसराच कुठलातरी रविवार होता, सुखाचा; तो बाबांचाच शेवटचा रविवार निघाला. ट्रॅककडे पाठ करायची नाही म्हणणारा माणूस एकदाच पाठ करून उभा राहिला, कारण सहा वर्षांची एक कार्टी खोक्यावर बसून कंटाळा आला, कंटाळा आला म्हणून त्याचं डोकं खात होती. टिकटिकीने उठणारा माणूस त्या गडगडाटात झोपला, यावर क्लबने विश्वास ठेवला, कारखान्याने ठेवला, मी तेहतीस वर्षं ठेवला. फक्त आईला शंका आली होती. तिलाही त्याने आरशातून तेच उत्तर दिलं. ‘कंटाळा आला होता.’ ते शब्द त्याचे नव्हतेच. माझे होते. त्याने ते माझ्या तोंडातून काढून घेतले आणि जन्मभर स्वतःचे म्हणून सांगितले, म्हणजे मला कोणी काही विचारू नये. माझ्या आईने तरी नक्कीच विचारू नये. बहीण बावीस वर्षं त्याच्याशी बोलली नाही, तेही त्याने चालवून घेतलं. आणि मी दर रविवारी त्याला तो गोल ऐकवत होते. पेन्सिलीसकट.

आईला आता कसं सांगू? तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

माझ्या ओरडण्याने काका जागे झाले होते. “काय झालं? कोण जिंकलं?” म्हणत त्यांनी डोळे चोळले, मग माझा चेहरा बघितला. “काय झालं गं?”

“काका,” मी म्हणाले, “मामाला झोप लागली नव्हती.”

“कधी?”

“त्या दिवशी. तो झोपला नव्हता. मी त्याला म्हणाले होते, मला...”

“झोप लागली,” मामा म्हणाला.

“नाही मामा. आठवतंय ना तुला? मी कंटाळा आला म्हणाले, आणि तू मला उचलून...”

“झोप लागली होती!” मामा ओरडला. भाताची वाटी उडाली. त्याने माझं मनगट धरलं, मघाशी ज्या हातात जोर नव्हता त्या हाताने, आणि त्याची बोटं रुतली. तो काकांकडे बघत होता. “मला कंटाळा आला होता. मला. झोप लागली होती. लिहून घ्या. पोर तिथे नव्हतीच. झोप लागली होती.” त्याला धाप लागली, मान थरथरायला लागली, ओठांच्या कोपऱ्यातून भात गळायला लागला, तरी तो थांबेना. मी काही बोलायला तोंड उघडलं की त्याचा आवाज चढायचा.

“असू दे गं,” काका घाबरून म्हणाले. “सगळं विसरलाय बिचारा, एवढंच तेवढं आठवतंय त्याला. कशाला छळतेस आता? हो म्हण.”

‘चुकलं’. तो एकच शब्द. तेहतीस वर्षं मी तो त्याच्याकडे मागत होते. आता तो मला द्यायचा होता, आणि घेणारा तो घ्यायला तयार नव्हता.

“हो मामा,” मी म्हणाले. “झोप लागली होती तुला.”

“कंटाळा आला होता,” तो म्हणाला.

“हो. तुला कंटाळा आला होता.”

तेव्हा कुठे त्याने माझं मनगट सोडलं. मी जमिनीवरची वाटी उचलली, धुतली, परत भात घेतला, आणि त्याने चमचा तोंडाजवळ येऊ दिला.